घरचं फ्रूट योगर्ट: दही घट्ट, फळ आटवलेलं आणि दोघांची गाठ अगदी शेवटी

घरी केलेलं फ्रूट योगर्ट बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. सकाळी घट्ट, गुलाबी दिसणाऱ्या वाटीत संध्याकाळी फळाचे तुकडे पातळ, आंबट पाण्यात तरंगत असतात. हे पाणी तीन ठिकाणांहून येतं: दह्याची निवळी, कच्च्या फळाचा रस, आणि दह्यात वरून घातलेल्या साखरेने ओढून काढलेलं पाणी. या तिन्ही वाटा आधीच बंद केल्या की जिलेटिन, कॉर्नफ्लोअर किंवा बाजारातलं कसलंही घट्ट करणारं मिश्रण न घालता चमचा उभा राहील असं योगर्ट घरी होतं.

त्यासाठी दही आणि फळ वेगवेगळं तयार करायचं, दोन्ही फ्रिजमध्ये पूर्ण गार करायचं आणि मगच एकत्र आणायचं. दुधात फळ घालून विरजण लावण्याचा मोह टाळा. फळाच्या आंबटपणाने कोमट दूध फाटतं, फळावरचं यीस्ट विरजणाच्या जोडीने वाढायला लागतं, आणि साखर जास्त झाली की विरजणातले जिवाणू मंदावतात. शेवटी वर आंबट पाणी आणि खाली चोथा हाती येतो.

खाली स्ट्रॉबेरीची मूळ कृती सविस्तर दिली आहे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी (हिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत भरपूर मिळते. शिवाय आंबट-गोड चव, भडक रंग आणि थोडंफार पेक्टिन (फळाचा रस घट्ट धरायला लावणारा घटक) असल्यामुळे शिकायला याहून सोपं फळ नाही. एकदा ती जमली की आंबा, अननस, जांभूळ, सीताफळ यांच्याशी कसं वागायचं ते पुढे आहे. प्रत्येक फळाची खोड वेगळी असते आणि खरी गंमत तिथेच आहे.

साहित्य (साधारण ९०० ग्रॅम, सहा-सात वाट्या)

फुल क्रीम दूध १ लिटर
दूध पावडर, बिनसाखरेची, ३० ग्रॅम (४ सपाट मोठे चमचे)
विरजण ३० ग्रॅम (२ मोठे चमचे)
स्ट्रॉबेरी ३०० ग्रॅम, देठ काढून
साखर ७५ ग्रॅम (६ मोठे चमचे)
लिंबाचा रस १ छोटा चमचा
मीठ, दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्या निम्मं

मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर फळ आणि साखर मोजूनच घ्या. इथे अंदाजाने चुकलेली साखर नंतर दुरुस्त करता येत नाही.

दूध: उकळणं हे जंतू मारण्यापुरतं नसतं

पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, मग पुन्हा का तापवायचं, असं वाटेल. त्याचं उत्तर दह्याच्या घट्टपणात आहे. दुधात केसीन या मुख्य प्रथिनाखेरीज निवळीतली प्रथिनं असतात. दूध ८५ अंशांच्या वर काही वेळ राहिलं की ती उलगडतात आणि केसीनच्या कणांना चिकटतात. मग दही लागताना जाळं दाट विणलं जातं आणि पाणी त्यात अडकून राहतं. नुसतं कोमट करून विरजलेलं दही लागतं, पण लुसलुशीत आणि पाणचट.

थंड दुधात पावडर घालून रवीने किंवा व्हिस्कने गुठळ्या मोडा, मग जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. उकळी आली की आच मंद करून १० मिनिटं ठेवा आणि तळाशी उलथनं फिरवत राहा. पावडर घातलेलं दूध साध्या दुधापेक्षा लवकर करपतं, आणि करपलेला वास फळानेही झाकला जात नाही. साय धरू देऊ नका. ढवळत राहिलात तर ती बसत नाही. तरी धरलीच तर गाळून घ्या. एरवी दह्यावरची साय आवडीची गोष्ट आहे, पण फळाच्या योगर्टमध्ये ती तोंडात धाग्यासारखी येते.

फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. टोन्ड दूध वापरायचं असेल तर पावडर ३० ऐवजी ४५ ग्रॅम घ्या. घट्टपणा येतो, मऊपणा मात्र थोडा कमी राहतो. निव्वळ म्हशीचं दूध असेल तर पावडर अजिबात नको. टेट्रापॅकमधलं दूध मुळातच खूप उच्च तापमानातून गेलेलं असतं. ते पुन्हा उकळायची गरज नाही, पण त्याचं दही नरम लागतं, म्हणून पावडर हवीच.

आता दूध निववायचं. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवलं आणि ढवळलं तर १०-१५ मिनिटांत ते ४३-४४ अंशांवर येतं. थर्मामीटर नसेल तर धुतलेली करंगळी दुधात बुडवून सावकाश दहा आकडे मोजा. चांगलं गरम लागावं, पण बोट मागे ओढावंसं वाटू नये. पाचव्या आकड्यालाच हात मागे गेला तर अजून पाच मिनिटं थांबा. ५० अंशांच्या वर विरजण घातलं तर त्यातले जिवाणू मरायला लागतात, आणि सकाळी पातेल्यात दूधच असतं.

विरजण कुठलं, यावर पुढचं सगळं ठरतं

घरचं दही आणि योगर्ट या दोन्ही गोष्टी दुधात जिवाणू वाढवूनच होतात, पण जिवाणू वेगळे असतात. योगर्टमध्ये लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस ही जोडी काम करते. तिला ४२-४३ अंशांची ऊब लागते आणि त्या उबेत ती चार ते सहा तासांत दूध लावते. आपल्या घरच्या विरजणात बहुधा लॅक्टोकॉकस जातीचे आणि इतर मिसळीचे जिवाणू असतात. ते ३० अंशांच्या आसपास खूश असतात आणि ४० च्या वर दमतात. म्हणून घरचं विरजण घालून डबा कढत पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवला की दही नीट लागत नाही, आणि बाजारचं योगर्ट विरजण म्हणून घालून भांडं नुसतं ओट्यावर ठेवलं तरीही लागत नाही. दोन्ही वेळा दोष दुधावर येतो.

तेव्हा एक निवड करा. बाजारातलं साधं, बिनसाखरेचं, जिवंत कल्चर असल्याचं छापलेलं योगर्ट विरजण म्हणून घेणार असाल तर ४२-४३ अंशांवर ५ ते ६ तास. घरचं कवडी दही घेणार असाल तर दूध ३५-३७ अंशांपर्यंत निववा आणि ७ ते ९ तास द्या. पहिल्याची चव सौम्य आणि पोत एकसंध येतो, म्हणून फळासाठी तेच अधिक बरं. घरच्या विरजणाचं दही मात्र जास्त सुवासिक असतं, आणि आंब्याशी त्याचं फार छान जमतं.

विरजण तीन-चार दिवसांपेक्षा जुनं नको. ते चाखून बघा: नुसतं आंबटढाण असेल तर दहीही तसंच होणार. दोन मोठे चमचे विरजण वाटीत घेऊन पळीभर कोमट दुधात एकजीव करा आणि मग पातेल्यात घालून सावकाश ढवळा. लवकर लागावं म्हणून विरजण दुप्पट घालू नका. जिवाणूंना नीट जागा मिळत नाही, आंबटपणा भराभर चढतो, जाळं घाईने आकसतं आणि दही रवाळ होऊन पाणी सोडतं. लिटरला ३० ग्रॅम पुरेसं आहे.

ऊब टिकवण्यासाठी सहलीला नेतो तो आइसबॉक्स उत्तम. त्यात साधारण ४५ अंशांच्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणि मध्ये झाकलेलं पातेलं ठेवलं की सहा तास तापमान फारसं उतरत नाही. ओव्हनचा नुसता दिवा लावूनही चालतं. तेही नसेल तर पातेलं जाड टॉवेलमध्ये गुंडाळून गव्हाच्या डब्यात खुपसा. मुंबई-कोकणात उन्हाळ्यात एवढंही लागत नाही. पुणे-नाशिककडे डिसेंबरच्या रात्री मात्र आइसबॉक्सशिवाय वेळेत लागेल याची खात्री धरू नका.

एक नियम मोडू नका: लागत असताना भांडं हलवायचं नाही. विणलं जात असलेलं जाळं एकदा तुटलं की ते तसं पुन्हा जुळत नाही. पाच तासांनी झाकण उघडून पातेलं जरासं कलतं करा. दही एक गठ्ठा होऊन कडेपासून सुटत असेल आणि कडेला हिरवट-पिवळ्या पाण्याची बारीक रेघ दिसत असेल तर झालं. ही हिरवट छटा निवळीतल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची असते, खराबीची नाही. या क्षणी ते बाहेर काढा. 'अजून थोडं घट्ट होऊ दे' म्हणून रात्रभर उबेत ठेवलं तर घट्टपणा वाढत नाही, फक्त आंबट होतं. पातेलं अर्धा तास गार पाण्यात ठेवून मग किमान सहा तास फ्रिजमध्ये. गार होताना दही आणखी आवळतं, म्हणून कोमट दही फडक्यात ओतण्याची घाई करू नका.

निथळणं: श्रीखंडाचा चक्का नको

मलमलचं फडकं किंवा पंचा उकळत्या पाण्यातून काढून पिळून घ्या. साबणाचा किंवा डिटर्जंटचा वास असेल तर तो दह्यात थेट उतरतो. गाळणीवर फडकं पसरून दही ओता, खाली पातेलं ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये दीड ते दोन तास ठेवा. खुंटीला टांगायचं नाही, पिळायचं नाही. साधारण २५० ते ३०० मिली निवळी पडते आणि वर ७०० ग्रॅमच्या आसपास दही उरतं.

श्रीखंडासाठी आपण रात्रभर टांगतो, तो चक्का वेगळा. त्यात आटवलेलं फळ घातलं की आम्रखंडासारखा जड पदार्थ होतो. तोही सुंदर, पण वाटीभर खाता येणारं योगर्ट तो नाही. दोन तासांच्या दह्यात चमचा उभा राहतो आणि तरी ते जिभेवर विरघळतं. तो मधला टप्पा पकडायचा आहे.

निवळी फेकू नका. पोळीची कणीक भिजवायला, ज्वारीच्या भाकरीच्या पिठात किंवा कढीत ती छान लागते.

स्ट्रॉबेरी आटवणं

दही गार होत असताना फळ करून घ्या. स्ट्रॉबेरी आधी धुवायची, मग देठ काढायचे. उलट केलं तर देठाच्या खळग्यातून फळ पाणी पितं. फडक्यावर पूर्ण कोरडी करून प्रत्येकीचे चार तुकडे करा. रुंद, उथळ कढईत किंवा पॅनमध्ये फळ आणि साखर एकत्र करून अर्धा तास मुरत ठेवा. साखर फळातला रस बाहेर ओढते, त्यामुळे वरून थेंबभरही पाणी लागत नाही.

सगळी साखर इथेच घालायची, दह्यात एक कणही नाही. साखर दह्यात टाकून ढवळली की ती जाळ्यातलं पाणी ओढून घेते आणि निथळून घट्ट केलेलं दही पाच मिनिटांत सैल होतं. फळाबरोबर शिजली तर तीच साखर फळातलं पाणी धरून ठेवते.

मध्यम आचेवर ठेवा. सुरुवातीला रस अगदी पातळ असतो आणि वर फिकट गुलाबी फेस धरतो. पाचएक मिनिटांनी फेस विरतो, रस गडद होतो, बुडबुडे मोठे आणि जडशीळ व्हायला लागतात, आणि आधी 'खदखद' असलेला आवाज 'फट-फट' असा संथ होतो. इथून डोळ्यांसमोरून हलू नका. लिंबाचा रस आणि मीठ घाला. लिंबाने पेक्टिन धरायला मदत होते आणि रंग लाल राहतो. आधीच फ्रीजरमध्ये ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाका, अर्धं मिनिट थांबा आणि त्यातून बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर गॅस बंद. रस दोन्ही बाजूंनी धावून रेघ भरली तर आणखी दोन मिनिटं. एकूण १० ते १२ मिनिटं लागतात आणि ३८० ग्रॅमचं २३०-२४० ग्रॅम उरतं.

जॅमइतकं घट्ट करू नका. गार झाल्यावर ते आणखी आवळतं आणि मग दह्यात मिसळत नाही, गोळे राहतात. तुकडे अर्धे मोडलेले, अर्धे शाबूत असावेत. पूर्ण लगदा हवा असेल तर निम्मं फळ काट्याने चेपा. मिक्सर नको, त्यात हवा भरते आणि रंग फिका पडतो. काचेच्या बरणीत काढून आधी बाहेर, मग फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. कोमट फळ गार दह्यात घातलं तर त्याच्या भोवतीचं दही लगेच पातळ होतं.

फ्रोझन स्ट्रॉबेरी चालते, आणि परदेशात राहणाऱ्यांना तीच वर्षभर सोयीची. ती न वितळवता थेट पॅनमध्ये टाका, सुटलेलं पाणी ओतून देऊ नका, चव त्यातच असते. फक्त चार-पाच मिनिटं जास्त आटवा.

एकत्र करताना

निथळलेलं दही मोठ्या भांड्यात घेऊन व्हिस्कने वीस-पंचवीस सेकंद फेटा, गुठळ्या मोडण्यापुरतंच. त्यात फळाचा दोन-तृतीयांश भाग घाला आणि उलथन्याने खालून वर असं दहा-बारा वेळा परता. पूर्ण एकसारखा गुलाबी रंग यायची वाट पाहू नका, लाल रेघा दिसायला हव्यात. मिक्सर किंवा ब्लेंडर कटाक्षाने टाळा. त्याच्या पात्यांनी फुटलेलं दही नंतर कितीही गार केलं तरी घट्ट होत नाही, त्याची लस्सी होते. वाट्यांत किंवा बरण्यांत भरून वर उरलेलं फळ चमचाभर घाला आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. ढवळताना सैल झालेलं दही या वेळात बरंचसं पुन्हा सावरतं.

वर फळाचा थर देण्याला जुना आधार आहे. १९३३ मध्ये प्रागच्या एका दुग्धशाळेने जॅम घातलेल्या योगर्टचं पेटंट घेतलं, ते दही टिकावं म्हणून. साखरेत शिजलेल्या फळाच्या थरावर बुरशी सहज धरत नाही. चवीचा विचार मागाहून आला.

रंग फिका वाटला तर तो फिकाच असू द्या. पाव किलो फळाने अर्ध्या-पाऊण किलो पांढऱ्या दह्याला जेवढा रंग येतो तेवढाच येणार. दुकानातला भडक गुलाबी रंग बऱ्याचदा बीटाचा किंवा इतर रंगाचा असतो.

बाकीची फळं

आंबा. हापूसच्या २५० ग्रॅम रसात ३० ग्रॅम साखर घालून, मंद आचेवर सतत हलवत ८-१० मिनिटं आटवा. रस उलथन्यावरून धार न धरता गोळ्यासारखा पडायला लागला की झालं, साधारण १८० ग्रॅम उरतो. कच्चा रस घातलेलं योगर्ट पहिल्या दिवशी जास्त सुगंधी लागतं यात वाद नाही, पण ते दुसऱ्या दिवसापर्यंतच संपवा, नंतर त्याला फसफस येते. डबाबंद पल्प आधीच तापवलेला असतो, तो पाच मिनिटं आटवला तरी पुरतं. डब्यावर साखर घातल्याचं लिहिलं असेल तर वेगळी साखर घालू नका. तंतू असलेला आंबा असेल तर रस पुरणयंत्रातून काढा. केशर आणि वेलची घालायची तर चिमूटभरच, नाहीतर ते थेट आम्रखंडाच्या वाटेला लागतं.

अननस, पपई, अंजीर, किवी. ही चारही फळं कच्ची घातली की दही काही तासांत पातळ आणि कडू होतं. यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं असतात: अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, अंजिरात फायसिन, किवीत अ‍ॅक्टिनिडिन. ती केसीनचे तुकडे करतात आणि ते तुकडेच कडू लागतात. उष्णतेने ही विकरं निकामी होतात, पण फळ नुसतं गरम करून भागत नाही. अननसाचे नखाएवढे बारीक तुकडे करा, ३०० ग्रॅमला ६० ग्रॅम साखर घाला, खदखदून उकळी फुटल्यावर पुढे ७-८ मिनिटं शिजवा. मोठे तुकडे ठेवले तर ते मधून कच्चे राहतात आणि दुसऱ्या दिवशी कडवटपणा येतोच. डब्यातला अननस आधीच तापवलेला असल्यामुळे सुरक्षित असतो, पाक मात्र पूर्ण निथळा. पुरंदरच्या ताज्या अंजिरांचं असंच, शिजवूनच. किवी शिजवली की रंग आणि चव दोन्ही जातात, म्हणून ती खायच्या क्षणी वरून.

सीताफळ. हे नेमकं उलट आहे, तापवलं की गर कडू होतो. फळातला गर स्टीलच्या मोठ्या जाळीच्या गाळणीवर घेऊन चमच्याच्या पाठीने दाबत गाळा, बिया वर राहतात. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवू नका. फुटलेल्या बियांमध्ये विषारी द्रव्य असतं. गर काळा पडतो म्हणून लगेच गार करा. ७०० ग्रॅम दह्याला २५० ग्रॅम गर आणि फार तर दोन चमचे साखर, तीही आधी गरात विरघळवलेली. त्याच दिवशी खा. या फळासाठी दही अडीच-तीन तास निथळा, कारण गरातलं पाणी आटवण्याची सोय नाही.

जांभूळ. ३०० ग्रॅम जांभळं बियांसकट, ७० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून ७-८ मिनिटं शिजवा, मग गाळणीवर घासून बिया काढा. पूर्ण पिकलेलीच घ्या. अर्धकच्च्या जांभळाचा तुरटपणा साखरेने जात नाही. दह्यात मिसळल्यावर येणारा जांभळा-करडा रंग सुरुवातीला विचित्र वाटतो, पण चवीत या फळाची बरोबरी कुठलंही विकतचं योगर्ट करू शकत नाही. जूनचे ते मोजके आठवडे दवडू नका.

संत्रं शिजवलं की कडवटपणा वर येतो आणि कच्चं घातलं की पाणी सुटतं. त्याऐवजी दोन-तीन चमचे चांगलं मार्मालेड दह्यात परता. केळं खाताना कापून घाला. चिकू अगदी मऊ झालेला, सालं काढून, चेपून, दोन-तीन मिनिटं परतून घ्या. कच्ची द्राक्षं आणि कलिंगड या पदार्थासाठी नाहीत.

तळाशी फळ, वर दही

निथळणं नको असेल आणि बाटल्यांमध्येच दही लावायचं असेल तर हा प्रकार करा. पावडर लिटरला ५० ग्रॅम घ्या, कारण इथे पाणी काढून टाकता येत नाही. फळ नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त, जॅमइतकं आटवा. १५० मिलीच्या काचेच्या बाटलीत तळाशी दोन मोठे चमचे गार फळ, त्यावर विरजण मिसळलेलं ४३ अंशांचं दूध चमच्याच्या पाठीवरून अलगद ओता, म्हणजे फळ ढवळलं जाणार नाही. पाच तास उबेत, मग फ्रिज. फळाला लागून असलेला दह्याचा पातळ थर थोडा रवाळ होतो, ते चालतं. स्ट्रॉबेरी आणि जांभूळ यांच्यासाठीच हे करा. अननस कितीही शिजवला असला तरी पाच तासांच्या उबेत ही जोखीम घेऊ नये.

काय बिघडलं, का बिघडलं

दह्याला तार आली असेल तर ते बहुधा फार कमी उबेत, फार वेळ लागत राहिलं. खायला हरकत नसते, फक्त पोत बुळबुळीत होतो. पुढच्या वेळी ऊब वाढवा आणि विरजण बदला. रवाळ झालं असेल तर विरजण जास्त पडलं, दूध जास्त गरम होतं किंवा लागताना भांडं हललं. सहा तासांनी अजून दूधच असेल तर ढवळू नका. आइसबॉक्समधल्या बाटल्यांचं पाणी बदलून आणखी दोन तास द्या, बऱ्याचदा फक्त ऊब कमी पडलेली असते. वर थोडी निवळी आली तर ती ओतून द्या किंवा अलगद मिसळा. मात्र बुडबुडे, दारूसारखा वास किंवा फुगलेलं झाकण म्हणजे फळातलं यीस्ट वाढलं आहे. अशी बरणी आणि गुलाबी, नारिंगी किंवा काळे ठिपके आलेली कुठलीही बरणी पूर्ण फेकायची. वरचा थर काढून खालचं खाऊ नका.

शिजवलेल्या फळाचं योगर्ट फ्रिजमध्ये चार ते पाच दिवस चांगलं राहतं, तेही प्रत्येक वेळी कोरडा, स्वच्छ चमचा वापरला तर. म्हणून एका मोठ्या डब्यापेक्षा छोट्या बरण्या बऱ्या. मुलांच्या डब्यात द्यायचं असेल तर सकाळी भरलेली बरणी दुपारच्या सुट्टीपर्यंत उन्हाळ्यात टिकेलच असं नाही, सोबत बर्फाची पिशवी हवी. साखरेऐवजी मध वापरलात तर एक वर्षाखालच्या बाळाला ते देऊ नका.

पुढच्या खेपेचं विरजण दही निथळण्याआधी, फळ जवळ येण्याआधीच काढून ठेवा: दोन मोठे चमचे, झाकणाच्या छोट्या वाटीत, फ्रिजच्या मागच्या कप्प्यात. बाजारच्या योगर्टपासून सुरू केलेलं विरजण चार-पाच खेपांनंतर हळूहळू आंबट व्हायला लागतं, कारण दोन जिवाणूंमधला तोल ढळतो. तेव्हा नवा छोटा डबा आणून पुन्हा सुरुवात करा.